काळा म्हणजे कुठला काळा?

बोल्ट, नट आणि लोखंडी सुट्या सामानाच्या काळ्या फिनिशविषयीच्या हातपुस्तिकेची प्रस्तावना

भोसरीतल्या कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा जॉबवर्कच्या चलनावर मी बिनदिक्कत दोनच शब्द लिहीत असे : ‘फिनिश – काळा’. माल जायचा, काळा होऊन यायचा, मशीनवर बसायचा. एकदा चलन घेऊन मी स्वतःच प्लेटिंगवाल्याकडे गेलो. तिथे टाकीवर काम करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी चलन वाचलं आणि विचारलं, ‘‘साहेब, काळा म्हणजे कुठला काळा?’’

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी फळीवरून चार बोल्ट उचलून माझ्या तळहातावर ठेवले. चारही काळे. पहिला तेलकट, गर्द, बोटाला डाग लावणारा. दुसरा दगडी पाटीसारखा, मंद आणि खरखरीत. तिसरा चकचकीत, उजेडात फिरवला की किंचित हिरवट झाक देणारा. चौथा सपाट काळा, रंग फासल्यासारखा. मामा म्हणाले, ‘‘ह्यातला पहिला बाहेर ठेवलात तर पहिल्याच पावसात लाल होईल. चौथा कितीतरी पावसाळे काढील. चलनावर मात्र चारही काळेच.’’

ही पुस्तिका त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तीस वर्षांच्या कामात मला जे उमगलं त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं : काळा हा रंग आहे, संरक्षण नव्हे. गंज अडवतं ते त्या काळ्याच्या खाली किंवा वर असलेलं काहीतरी. कुठे तेल, कुठे फॉस्फेट, कुठे जस्त, कुठे रंगाचा थर, तर कुठे मूळ धातूच वेगळा. ते काय आहे हे न विचारता काळा बोल्ट निवडणं म्हणजे नुसता वेष्टनाचा रंग पाहून औषध घेणं.

आपल्या घरातच याचं उदाहरण आहे. लोखंडी तवा वर्षानुवर्षं काळाभोर राहतो, तो तेल आणि आच यांच्यामुळे. तेल तापून तव्यावर घट्ट बसतं आणि त्याचं कवच होतं. तोच तवा चिंच लावून खसाखसा घासा, ओला तसाच पालथा घाला, सकाळी त्यावर तांबूस पूड दिसेल. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन हे तिघं एकत्र आले की गंज होतो. समुद्राचं मीठ त्यात पडलं की तो वेगानं होतो. गंजापासून वाचवण्याचे बहुतेक उपाय शेवटी दोन प्रकारांत बसतात : एक तर पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू द्यायची नाही, नाहीतर लोखंडाऐवजी झिजायला दुसरा धातू पुढे करायचा.

मामांचा पहिला बोल्ट ब्लॅकोडायझिंगचा. आपल्याकडे सर्रास याच नावानं ओळखला जाणारा हा गरम काळेपणा यातल्या पहिल्या प्रकारात बसतो, पण अगदी दुबळा. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइटचे क्षार यांचं दाट द्रावण साधारण १४० अंश सेल्सिअसला उकळत असतं. त्यात स्वच्छ धुतलेला जॉब बुडवला की पोलादाचा पृष्ठभागच मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. हा लोखंडाचा काळा ऑक्साइड, तीन अणू लोखंड आणि चार अणू ऑक्सिजन. टाकीवरचा माणूस द्रावणाच्या उकळीवर नजर ठेवून असतो. वाफ होऊन पाणी घटलं की उत्कलनबिंदू चढतो, द्रावण अधिक तापतं आणि काळ्याऐवजी तांबूस छटा येऊ लागते. मग पाणी घालायचं, तेही बेतानं. घाई केली तर कॉस्टिक उसळून अंगावर येतं. चष्मा, हातमोजे आणि ॲप्रन यांच्याशिवाय या टाकीजवळ कुणीही उभं राहू नये, हे मी पुस्तिकेत तीनदा लिहिलं आहे आणि इथे चौथ्यांदा लिहितो.

हा थर असतो साधारण एक मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. शिवाय थर सच्छिद्र असतो. म्हणून टाकीतून निघालेला जॉब धुऊन लगेच पाणी हटवणाऱ्या तेलात बुडवतात. खरं राखण करतं ते हे तेल. मॅग्नेटाइट फक्त त्याला धरून ठेवतं. तेल पुसलं गेलं, पावसानं धुतलं गेलं की बोल्ट उघडा पडतो. तरीही मी या फिनिशला कमी लेखणार नाही. माप बदलत नाही, आटे जसेच्या तसे राहतात, उजेड चमकत नाही, खर्च कमी येतो. लेथ-मिलिंगचे ॲलन बोल्ट, फिक्स्चर, गेज, टूलरूमची हत्यारं अशा तेलकट आणि छपराखालच्या जगात त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. त्याला अंगणात नेऊन बसवणं ही आपली चूक असते, त्याची नव्हे.

बाटलीतून लावायचं थंड ब्लॅकनिंग मात्र वेगळं. त्यात पृष्ठभाग ऑक्साइड होत नाही. सेलेनियम आणि तांब्याच्या संयुगांचा काळा लेप वर बसतो आणि तो घासला की निघतो. एखाद्या ओरखड्याची डागडुजी करायला ठीक, त्यावर भिस्त ठेवू नये.

मामांनी दिलेला दुसरा बोल्ट फॉस्फेटचा होता. ही विद्या इंग्लंडमधली. टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत १९१५ साली डेट्रॉइटमध्ये पार्कर यांची कंपनी उभी राहिली आणि त्या नावावरून ‘पार्करायझिंग’ हा शब्द बंदुकांच्या आणि यंत्रांच्या दुनियेत रुळला. मँगनीज फॉस्फेटच्या गरम द्रावणात पोलादावर बारीक स्फटिकांचं दाट रान उगवतं. भिंगाखाली पाहिलं तर पृष्ठभाग स्पंजासारखा दिसतो आणि तो स्पंजासारखाच तेल पितो. ऑक्साइडपेक्षा जास्त तेल, जास्त घट्ट धरून. एकमेकांवर घासणाऱ्या भागांना सुरुवातीच्या दिवसांत तो सांभाळून घेतो, म्हणून गिअर आणि इंजिनाच्या भागांवर त्याला मान आहे. गंजाच्या बाबतीत तो ब्लॅकोडायझिंगपेक्षा वरचढ आहे, पण शेवटी तोही तेलाच्याच आधारानं उभा असतो.

तिसरा बोल्ट जस्ताचा. इथून दुसरा प्रकार सुरू होतो आणि सगळा हिशेबच बदलतो. जस्त हे लोखंडापेक्षा आधी झिजतं. ओरखडा पडून पोलाद उघडं पडलं तरी शेजारचं जस्त स्वतः खर्ची पडतं आणि लोखंडाला वाचवतं. जस्ताचा रंग रुपेरी. त्यावर क्रोमियमच्या द्रावणात काळं पॅसिव्हेशन करतात, तेव्हा बोल्ट काळा होतो. पूर्वी हे द्रावण षट्‌संयुजी क्रोमियमचं असे. ते कर्करोगकारक आहे. युरोपीय संघानं विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांत त्याच्यावर १ जुलै २००६ पासून निर्बंध आणले. आता त्रिसंयुजी क्रोमियमच मागावं, निर्यात असो वा नसो. टाकीशी उभा असलेला माणूस आणि कारखान्यामागचा ओढा यांचा हक्क गिऱ्हाइकाच्या देशावरून ठरत नाही.

काळ्या पॅसिव्हेशनवर सीलरचा थर हवाच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी, आयुष्य ठरतं ते मुख्यतः खालच्या जस्ताच्या जाडीवर. आयएसओ ९२२३ या मानकानं हवेचे वर्ग पाडले आहेत. सी-३ म्हणजे मध्यम हवा. तिथे जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. सी-५ म्हणजे अतिशय तीव्र, खारी, दमट हवा. तिथे हाच आकडा ४.२ ते ८.४ मायक्रॉनचा. बोल्टवर ८ मायक्रॉन जस्त असेल तर सी-३ मध्ये ते चार ते अकरा वर्षं पुरेल आणि सी-५ मध्ये वर्ष-दोन वर्षांत संपेल. बोल्ट तोच, दुकान तेच, किंमतही तीच. बदलतो फक्त वारा.

हे मी देवगडजवळच्या आमच्या नातलगांच्या घरी डोळ्यांनी पाहिलं आहे. दिवाळीत फाटक नवीन बसवलं. काळी बिजागरी, काळे बोल्ट, मागे चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत. फार देखणं दिसत होतं. पुढच्या गणपतीला गेलो तेव्हा प्रत्येक बोल्टखाली भिंतीवर लाल ओघळ उतरले होते. बोल्ट साधे ब्लॅकोडाइज केलेले होते. दुकानदारानं फसवलं नव्हतं. त्यांनी काळे मागितले, त्यानं काळे दिले. समुद्रावरून येणारा खारा वारा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांचा विचार या व्यवहारात कुणीच केला नव्हता.

अशा जागी काय लावावं? माझं उत्तर स्पष्ट आहे. परवडत असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, काळं करून घेतलेलं. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा ते टिकतं. तिथे काळा रंग केवळ रूपासाठी असतो, राखण धातू स्वतःच करतो. नाहीतर गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेले बोल्ट घ्यावेत. त्यांच्यावर जस्ताचा थर सुमारे ५० मायक्रॉनचा असतो. त्यावर योग्य प्रायमर देऊन काळा रंग लावावा. नव्या जस्तावर थेट मारलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो, हे पुष्कळ ठिकाणी विसरलं जातं. आणखी एक पथ्य : दोन वेगळे धातू एकमेकांना लागणार असतील तर बोल्ट नेहमी त्यातल्या टिकाऊ धातूचा असावा. मोठ्या स्टेनलेस पत्र्यात लहानसा काळा पोलादी बोल्ट बसवला तर सगळी झीज त्या एकट्या बोल्टवर येते आणि तो पाहता पाहता झिजून जातो.

जागेनंतरचा दुसरा प्रश्न ताकदीचा. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका बोल्ट मजबूत, पण तितकाच हायड्रोजनला हळवा. ॲसिडच्या पिकलिंगमध्ये आणि विजेच्या मुलाम्यात हायड्रोजन सुटतो आणि पोलादाच्या आत शिरतो. मऊ पोलाद तो सोसतं. कठीण पोलाद ताणाखाली, काही तासांनी किंवा दिवसांनी, काहीही पूर्वसूचना न देता तडकतं.

हा धडा मला एका रात्रीत मिळाला. एका फिक्स्चरचे १२.९ चे ॲलन बोल्ट दमट जागेत गंजत होते. ते झिंक करून काळे पॅसिव्हेट करून आणा, असं मीच सांगितलं. बेकिंगचा, म्हणजे भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढण्याचा, उल्लेख चलनावर केला नाही, कारण तेव्हा मला तो ठाऊकच नव्हता. संध्याकाळी बोल्ट टॉर्क देऊन कसले. सकाळी शटर उघडलं तर फरशीवर तीन डोकी पडलेली होती. तुटलेला भाग स्वच्छ, दाणेदार, राखाडी. गंजाचा मागमूस नाही. मशीन बंद होतं म्हणून कुणाला इजा झाली नाही. ते चालू असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणून उच्च ताकदीच्या बोल्टवर विजेचा मुलामा द्यायचाच असेल तर मुलाम्यानंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांच्या भट्टीत कित्येक तास बेक करावा लागतो, आणि १२.९ साठी मी तोही धोका पत्करत नाही. अशा बोल्टसाठी झिंक फ्लेक हा मार्ग आहे. मामांचा चौथा बोल्ट तोच होता. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा लेप बुडवून, फिरवून लावतात आणि भट्टीत पक्का करतात. वीज लागत नाही, त्यामुळे मुलाम्यातून येणारा हायड्रोजन नाही. आधीची सफाई मात्र ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंगनं करून घ्यावी, नाहीतर मूळ हेतूच हरवतो. वर काळा टॉपकोट दिला की रूपही मिळतं. पुण्या-चाकणच्या वाहन उद्योगात जिओमेट, डेल्टा प्रोटेक्ट ही नावं ज्यांच्या तोंडी आहेत, ते याच जातीबद्दल बोलत असतात. दुसरी मातब्बर जात झिंक-निकेलची. मुलाम्यात १२ ते १५ टक्के निकेल असतं आणि साध्या जस्तापेक्षा ती कित्येक पट टिकते. तीही विजेचीच, म्हणून कठीण बोल्टबाबत तिथेही सावधगिरी हवी.

तिसरा प्रश्न आट्यांचा. साठ अंशांच्या आट्यावर एक मायक्रॉन थर चढला की आट्याचा मध्यव्यास चार मायक्रॉनने वाढतो, कारण थर आट्याच्या दोन्ही उतारांवर आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंना बसतो. दीड मिलिमीटर पिचच्या एम१० बोल्टला नेहमीच्या ६जी सहिष्णुतेत ३२ मायक्रॉनची मोकळीक ठेवलेली असते. चारानं भागा : ८ मायक्रॉन. त्यापलीकडे थर गेला की नट अडखळू शकतो. पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉनचं असतं, म्हणून ते कंस, पट्ट्या आणि बिजागरीवर शोभतं, आट्यांवर नाही. गॅल्व्हनाइज बोल्टला मोठा टॅप मारलेला नट लागतो. तो बोल्टबरोबरच मागवावा. दुकानातला साधा नट पान्यानं दामटून बसवला की घासून जातं ते नेमकं जस्त.

याच आट्यांशी टॉर्कचा संबंध आहे. पान्याला दिलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. तेलकट काळा बोल्ट, कोरडा झिंक बोल्ट आणि टॉपकोटमध्ये वंगण असलेला झिंक फ्लेक बोल्ट यांना एकच टॉर्क दिला तर तिघांची पकड निराळी येईल. फिनिश बदललं की टॉर्कचा तक्ताही बदलायला हवा.

सॉल्ट स्प्रेच्या तासांबद्दलही इथेच सांगून ठेवतो, कारण विक्रेत्याच्या कागदावर हाच आकडा सर्वांत ठळक असतो. पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, ३५ अंश तापमान, बंद पेटी. ही चाचणी अमेरिकी मानक म्हणून १९३९ सालापासून चालत आली आहे. दोन घाणे एकाच दर्जाचे आहेत का, हे ती चांगलं सांगते. बोल्ट तुमच्या गच्चीवर किती वर्षं टिकेल, हे ती सांगत नाही. तास विचारताना पुढचा प्रश्नही विचारावा : पांढरा गंज येईपर्यंतचे तास की लाल गंज येईपर्यंतचे? पांढरा म्हणजे जस्त झिजू लागलं, लाल म्हणजे लोखंड उघडं पडलं. एकाच बोल्टसाठी या दोन आकड्यांत मोठं अंतर असतं.

पुस्तिकेची मांडणी या तीन प्रश्नांवरच केली आहे : जागा कुठली, ताकद किती, आट्यांत मोकळीक किती. फिनिशची वर्णनं त्यानंतर येतात. रसायनशास्त्र गरजेपुरतंच घेतलं आहे आणि टाक्यांच्या पाककृती मुद्दाम दिलेल्या नाहीत. कॉस्टिक आणि ॲसिड हाताळणं हे पुस्तक वाचून शिकायचं काम नव्हे, आणि सांडपाणी शुद्ध करण्याची सोय नसेल तिथे ते करूच नये. ही पुस्तिका निवडणाऱ्यासाठी आहे. ड्रॉइंग काढणारी मुलगी, खरेदी खात्यातला माणूस, फाटक घडवणारा फॅब्रिकेटर, कोकणात घर बांधणारं कुटुंब, आयटीआयचा विद्यार्थी. यांच्यापर्यंत ती मराठीतून पोचावी, एवढ्याचसाठी ती मराठीत लिहिली. शॉपफ्लोअरवर आपण मराठीतच बोलतो, तोटाही मराठीतच सोसतो. मग निवडीचं ज्ञान तेवढं इंग्रजी कॅटलॉगमध्ये का राहावं?

वाचकांना दोन विनंत्या. पहिली, यापुढे ऑर्डरवर नुसतं ‘काळा’ लिहू नका. फिनिशची जात, थराची जाडी, वरचं सीलर किंवा तेल, लाल गंजापर्यंतचे तास आणि बोल्ट १०.९ किंवा त्याहून वरचा असेल तर हायड्रोजनविषयीची अट, अशा पाच गोष्टी लिहा. पाच ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी, शंका असेल तेव्हा जागेलाच विचारा. निवडीत असलेल्या प्रत्येक जातीचे दोन-दोन बोल्ट घ्या, जिथे ते लागायचे आहेत तिथेच एका फळीवर बसवा, शेजारी तारीख लिहा. मृगाला लावा, दसऱ्याला पाहा. जो काळा राहिला असेल त्याच्या खाली काय आहे ते विचारून घ्या आणि चलनावर तेच लिहा.